विहिरीतला खापरपणजोबा

चहावर फुंकर मारणाऱ्या माणसाबद्दल काकांचं मत वाईट होतं. स्वतः ते पेला समोर ठेवून हाताची घडी घालून बसत. चहा निवेल तेव्हा निवेल. काकू म्हणायच्या, "अवो, फुका नि प्या की." काका म्हणायचे, "फुंकर काय फुकट येते?" वाढदिवसाची मेणबत्ती ते हाताने वारा घालून विझवत. एकदा माझ्या डोळ्यात कचरा गेला तर त्यांनी काकूंना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि स्वतः बाजूला उभे राहून किती जोराने फुंकायचं याच्या सूचना देत राहिले.

काका माझे घरमालक. चाळीस वर्षं त्यांनी मुंबईत प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी फुंकली: गोल बुडाचे चंबू, नळ्या, वेटोळी घातलेल्या नळ्या, नळीच्या आत नळी. "माझा अर्धा श्वास कॉलेजांच्या कपाटात पडून हाय," असं ते म्हणत. उरलेला अर्धा घेऊन ते चौलच्या खाडीजवळच्या आपल्या गावी परत आले होते. नारळी-पोफळीची लहानशी वाडी, विहीर, कौलारू घर आणि मागच्या अंगाला भाड्याने द्यायची एक खोली.

मी माणगावकडची. त्या गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि मी खोली शोधायला निघाले. पहिल्या दोन घरांनी माझं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच गेल्याचं आठवून त्यांना फार वाईट वाटलं. लोकांच्या या वाईट वाटण्याची आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे, तरी दर वेळी कानशिलं तापतातच. तिसऱ्या घरी मी तापलेल्या कानशिलांनीच पोचले आणि दारातूनच म्हणाले, "आडनाव आधी सांगते, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल."

ओटीवर उघड्या अंगाने बसलेल्या गृहस्थांनी मान वर केली. "आडनाव घेऊन मी काय करू? हे धरा." त्यांनी एक चंबू माझ्या हातात दिला. काच इतकी पातळ होती की माझाच श्वास लागून ती फुटेल अशी मला भीती वाटली. मी दोन्ही हातांनी बुडाखालून धरला. ते बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले आणि मग आत तोंड करून ओरडले, "अगो, खोली गेली!"

मला वाटलं, झालं, हेही त्यातलेच. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कुनाला दिलीव?"

"ह्या बाईंना. ह्यांच्या हातून काच वाढायची न्हाय."

काच वाढणं म्हणजे फुटणं. काकांची आई डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची. बांगडी फुटली असं म्हणू नये, वाढली म्हणावं, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक असते. पण काकांनी ती आईकडून घेतली ती बांगड्यांपुरती ठेवली नाही. त्यांच्या घरी आरसा वाढायचा, बल्ब वाढायचा, पाहुण्यांच्या गाडीची पुढची काचसुद्धा वाढायची. माझी शाळेतली मुलं त्यांच्यासमोर मुद्दाम "काका, खिडकी फुटली" म्हणायची आणि काका कान झाकून घ्यायचे.

पुढे एकदा मी विचारलं, "काका, आडनाव खरंच का नाही विचारलंत?" ते म्हणाले, "बाई, रोममधे ज्यांनी पहिल्या बाटल्या फुंकल्या ना, त्यांच्यात किती गुलाम होते. त्यांचं आडनाव कुनी विचारलं? आता त्यांच्या बाटलीला हात लावून बघा बरं. काचेच्या पेटीत हाय. राजाला पण हात लावून देत न्हाय." आणि वर म्हणाले, "तुम्ही चंबू बुडाखालून धरलात. गळा धरणाऱ्याला मी घरात घेत न्हाय."

त्या घरात रोम हा शेजारचा गाव असल्यासारखा रोजच्या बोलण्यात यायचा. त्याचं कारण विहीर. मी राहायला जाण्याच्या आधी एका उन्हाळ्यात काकांनी विहिरीतला गाळ उपसून घेतला होता. त्या गाळात त्यांना काचेचा एक तुकडा सापडला. लहानशा बाटलीचा गळा आणि खांद्याचा थोडा भाग, सगळा मिळून करंगळीएवढा, फिकट निळसर हिरवा. दुसरा कोणी असता तर पायाला लागेल म्हणून कुंपणापलीकडे फेकला असता. काकांनी तो उन्हात धरला आणि म्हणाले, "हे फुंकलेलं हाय. आणि हे आपल्यातल्या कुनी फुंकलेलं न्हाय." पूर्वी रोमची गलबतं चौलच्या बंदरात यायची, त्यातून सुगंधी तेलाच्या अशा बाटल्या यायच्या, हे त्यांनी मग कुठून कुठून वाचून काढलं. ज्याने ती बाटली फुंकली तो आपल्या धंद्यातला आद्य पुरुष, म्हणून ते त्याला खापरपणजोबा म्हणायला लागले. गावात भेटेल त्याला सांगत, "माझा खापरपणजोबा विहिरीत सापडला." शेवटी काकूंनी बजावलं, "असा चारचौघांत सांगू नका. पोलीस येतील."

काका रोज संध्याकाळी माझ्या खोलीच्या पायरीवर बसून मला रोमन काच शिकवत. मी समोर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलेली असे. एक कान त्यांच्याकडे, दोन्ही डोळे मुलांच्या गणितांकडे. काच कशी सापडली त्याची जुनी कथा मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल: व्यापारी किनाऱ्यावर उतरले, चुलीला दगड मिळेनात म्हणून गलबतातले सोड्याचे खडे मांडले, खाली वाळू, वर जाळ, आणि सकाळी बघतात तर काच! "खोटी गोष्ट हाय," काका स्वतःच सांगत, "चुलीच्या आचेवर काच वितळत न्हाय. पण सामान बरोबर हाय. वाळू, सोडा, शिंपल्यांचा चुना. आपल्या किनाऱ्यावर काय कमी आहे सांगा? आपल्या कोळणींनी हजारो वर्षं किनाऱ्यावर बोंबलाचं कालवण केलं, पण चुलीला सोडा लावायचा कुनाला सुचला न्हाय. थोडक्यात हुकलं."

आधी लोक सळईवर शेणामातीचा गोळा थापायचे, त्याच्याभोवती वितळलेल्या काचेची तार गुंडाळायचे आणि थंड झाल्यावर आतली माती टोकरून काढायचे. एका बाटलीला दिवस जायचा, म्हणून काच फक्त श्रीमंतांकडे. मग कोणीतरी पोकळ नळीच्या टोकाला काचेचा गोळा घेतला आणि फुंकर मारली. एवढं सांगून काका थांबत आणि माझ्याकडे बघत. मी वहीवरची मान वर केली नाही तर पुन्हा म्हणत, "फुंकर मारली, बाई!" मी "हो का?" म्हणे. "त्या एका फुंकरीनं काच गरिबाच्या घरात आली. फुटकी काच गोळा करत रोमच्या गल्लीबोळांत भंगारवाले फिरायला लागले." फुटकी म्हटल्यावर ते जीभ चावत आणि वाढलेली म्हणून दुरुस्ती करत.

हे सगळं नुसतं बोलण्यावर राहिलं असतं तर काकूंची तक्रार नव्हती. पण खापरपणजोबाने ज्या रीतीने बाटली केली त्या रीतीने आपणही करून बघायची, असं काकांनी मनावर घेतलं. मुंबईत ते गॅसच्या ज्योतीवर तयार नळ्या फुंकायचे. भट्टीतली काच ही निराळी विद्या होती. छातीत आताशा घरघर होती, डॉक्टरने फुंकायला सक्त मनाई केली होती. म्हणूनच घाई होती. "श्वास हाय तोवर एक तरी," असं ते म्हणाले तेव्हा मात्र मी वहीतून मान वर केली होती.

वाळू काशीदची, कारण ती पांढरी. सिमेंटच्या पोत्यात भरून ते एसटीने निघाले. कंडक्टरने विचारलं, "पोत्यात काय हाय?"

"बाटल्या."

कंडक्टरने पोतं चाचपलं. "ही तर वाळू हाय."

"अजून वाळूत हायत," काका म्हणाले.

सोड्यासाठी त्यांनी वाण्याकडून पाच किलो पापडखार आणला. त्या आठवड्यात गावातल्या सात-आठ बायका काकूंकडे पापडांची मागणी नोंदवून गेल्या आणि दोघीतिघी, आम्हाला न विचारता धंदा सुरू केलात, म्हणून रुसून बसल्या. वाडीच्या कोपऱ्यात मातीची भट्टी उभी राहिली. लोहाराकडचा जुना भाता आला, सोनाराकडून काच वितळवायला मोठी मूस आली, करवंट्यांचा कोळसा पाडला गेला. पहिल्या वितळणीतून कुजक्या हिरव्या रंगाचा, खरखरीत, पाच शेराचा धोंडा निघाला. काकूंनी तो दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवला. "दोन हजार वर्षांची विद्या लोणच्यावर ठेवलीस," काका म्हणाले. पण लोणचं त्या वर्षी चांगलं मुरलं.

शेवटी रंग जुळला तो गोटीच्या सोड्याच्या जुन्या बाटल्यांशी. एका सोडावाल्याने त्याच्याकडच्या वाढलेल्या बाटल्यांचं पोतंच दिलं. आता हवी होती लोखंडाची पोकळ नळी. आंघोळीच्या पाण्याच्या चुलीपाशी काकूंची फुंकणी असे. ती एका सकाळी दिसेनाशी झाली. पाणी तापेना. काकूंनी घर धुंडाळलं, मला विचारलं, शेजारणीवर संशय घेतला, आणि मग भट्टीपाशी गेल्या तर फुंकणीच्या एका टोकाला काका आणि दुसऱ्या टोकाला आंब्याच्या कोयीएवढी हिरवट बाटली.

"माझी फुंकणी द्या," काकू म्हणाल्या.

काकांना उत्तर देता येत नव्हतं. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी आलेलं, डावा हात फुंकणी गरागरा फिरवतो आहे. काका डावरे. लहानपणी आईने हात बांधून जेवायला उजवा शिकवला, कारखान्यात सगळी अवजारं उजव्या हाताची, सोबती चिडवायचे. तरी काच म्हटली की त्यांचा डावाच हात पुढे यायचा. बाटली सुटली तशी त्यांनी ती गरम राखेत निजवली आणि मगच तोंड उघडलं. "हळू बोल. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा न्हाय." तीन दिवस ती राखेत होती. फुंकणी पुढच्या बाटलीसाठी भट्टीपाशीच राहिली आणि तीन दिवस आम्ही तिघांनी गार पाण्याने आंघोळ केली.

अशा सात बाटल्या झाल्या. त्याहून कितीतरी राखेतच तडकल्या. एकेका बाटलीनंतर काका अर्धा-अर्धा दिवस भिंतीला टेकून बसत आणि काकू बडबडत त्यांची छाती शेकत. आणि मग काकांनी त्या सातही बाटल्या खांद्यापाशी मोडल्या! विहिरीत मिळालेल्या तुकड्याशी शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायच्या म्हणून. काकू हताश होऊन मला म्हणाल्या, "आधी करायचा, मंग मोडायचा. ह्याला काय म्हनायचा बाई? पोरखेळ तरी बरा."

मुंबईच्या एका संग्रहालयाला कळवायचं ठरलं तेव्हा मजकूर काकांनी सांगितला आणि मी मोबाइलवर लिहिला. "कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आमचे खापरपणजोबा सापडले आहेत," अशी त्यांची सुरुवात मी बदलायला लावली. फोटो मात्र त्यांनी कोणाला काढू दिला नाही. खरा तुकडा ते मऊ फडक्यात गुंडाळून पापडखाराच्या डब्यात ठेवत आणि दाखवलाच तर स्वतःच्या मुठीत, माजघराच्या अंधारात, लांबून दाखवत. त्यांनी स्वतः काढून पाठवलेल्या फोटोत त्यांचा अंगठा फार स्वच्छ आला होता. तरीही संग्रहालयातल्या एका बाईंनी येऊन बघते असं कळवलं. मला वाटतं अंगठा बघूनच त्यांना माणसाची ओळख पटली असावी.

इतकं हलकं झालेलं मी काकांना कधी पाहिलं नव्हतं. आठवडाभर ते वाडीत गुणगुणत फिरत होते. एकदा पायरीवर बसून म्हणाले, "बाई, हजारो चंबू फुंकले. एकावर नाव न्हाय माझं. नावाचं काय एवढं न्हाय. पण कुनीतरी शिकलेल्यानं एकदा म्हणावं, की तो आणि मी एकाच धंद्यातले. बस." मी त्या दिवशी वह्या तपासत नव्हते, म्हणून हे मला शब्दशः आठवतं.

आता जे झालं ते सांगायलाच हवं. माझ्या आईने मला दोन गोष्टी शिकवल्या: शिकत राहायचं, आणि हातात येईल ती वस्तू लख्ख ठेवायची. आपल्याकडे येऊन कोणी नाक मुरडता कामा नये. नाक मुरडणारी माणसं तिने फार पाहिली होती. त्यामुळे पाहुणे येणार म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात. त्या बाई यायच्या त्या सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून त्यांना आणायला रेवदंड्याच्या स्टँडवर गेले. काकू खोबरं वाटत होत्या. ओटीवर एका सुपात काकांनी मोडलेल्या बाटल्यांचे गळ्यांकडचे तुकडे ठेवलेले दिसले. राखेने माखलेले, धुरकटलेले, एकदोन शेणखताच्या खड्ड्यात पुरून बघितलेले. माझ्या मनात आलं, काकांनी एवढा जीव ओतून केलेलं काम, आणि मुंबईच्या बाईंसमोर हे असं जाणार?

मी सूप मोरीत नेलं. चिंच, राख आणि काथ्या घेतला. एकेक तुकडा आतून बाहेरून घासला. एकावर पाण्यावरच्या डिझेलसारखा रंगीबेरंगी तवंग होता, जांभळा, सोनेरी, मोरपिशी. काकूंनी मासळीच्या तेलकट हाताने धरला असणार असं मला वाटलं. तो निघेना, म्हणून त्याला दुप्पट घासलं. पापुद्रे सुटून मोरीतून वाहून गेले आणि खालून सुरेख निळसर काच निघाली. आठही तुकडे पुसून मी सुपात फडक्यावर ओळीने मांडले आणि स्वतःवर खूश झाले. सात बाटल्यांचे तुकडे आठ कसे, एवढं गणित मला सुचलं नाही. मी शाळेत गणितच शिकवते.

गावात त्या काचेच्या तुकड्याची किंमत सोन्याहून जास्त आहे अशी आवई उठली होती. म्हणून काकांनी आदल्या दिवशी खरा तुकडा डब्यातून काढून आपल्या सात तुकड्यांत मिसळून ठेवला होता. चोर आला तर त्याला ओळखू येऊ नये. आपल्याला काय, त्या तवंगावरून कधीही ओळखता येईल. काचेवर असा तवंग चढायला शेकडो वर्षं मातीत पडून राहावं लागतं, हे ते मला पायरीवर बसून निदान दहा वेळा सांगून चुकले होते. मी दहाही वेळा "हो का?" म्हटलं होतं.

पाहुण्या बाई आल्या. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या. पाणी प्यायल्या, वाडीचं कौतुक केलं. काकांनी सुपावरचं फडकं उचललं. आठ तुकडे आरशासारखे चकाकत होते. काकांनी एकेक उचलून बघितला, खाली ठेवला. पुन्हा पहिल्यापासून उचलला. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या नखांत चिंच होती.

"तुम्ही?"

"पाहुण्या येणार म्हणून," मी म्हणाले. तोपर्यंत मलाही सगळं कळून चुकलं होतं.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओटीच्या कडेला बसले आणि अगदी हळू म्हणाले, "फुटला." वाढला म्हणाले नाहीत. तो शब्द तोंडून गेल्यावर त्यांनी जीभ चावली नाही असं त्या घरात पहिल्यांदाच झालं आणि मला रडू कोसळलं. पाहुण्या बाईंनी भिंग काढून तुकडे तपासले आणि खेदाने सांगितलं की वरचा थर हाच नजरेला दिसणारा पुरावा होता. आता आठांतला कुठला कोण हे नुसतं बघून त्यांना सांगता येणार नाही आणि अशा स्थितीत त्या काही नेऊ शकणार नाहीत. काकूंनी मला जवळ घेतलं. "रडू नका बाई. दोन हजार वर्सांचा मळ हुता. कुनीतरी कवातरी काढनारच हुता."

मी खोली सोडून जायचं मनात पक्कं केलं. चंबू बुडाखालून धरणारी बाई म्हणून या माणसाने मला घरात घेतलं होतं.

काका सवयीने एक तुकडा उचलून उन्हाकडे धरून बसले होते. काच हातात असली की ते बघितल्याशिवाय राहू शकत नसत. मग त्यांनी तो फिरवला. दुसरा उचलला. तिसरा. मान वाकडी करून, एक डोळा मिटून. पाचवा तुकडा त्यांनी बाजूला ठेवला. आठही झाल्यावर पुन्हा पाचवाच घेतला आणि खुर्चीवरच्या बाईंना म्हणाले, "मॅडम, जरा इकडं उन्हात या. आतले बुडबुडे बघा."

बाटलीचा गळा ओढताना नळी सारखी फिरवावी लागते. काचेतले बारीक बुडबुडे त्याबरोबर लांबतात आणि दोरीला पीळ पडावा तसे तिरके होतात. सात तुकड्यांत तो पीळ एका बाजूचा होता. पाचव्यात उलटा.

"हे सात माझे. मी डावरा," काका म्हणाले. "हा उजव्या हाताचा हाय. वरचा थर होता तोवर आतलं काय दिसत नव्हतं. बाईंनी घासला म्हणून दिसला." आणि मग त्यांचा चेहरा जरासा उतरला. "म्हणजे खापरपणजोबा उजवा निघाला. मला इतकी वर्षं वाटायचं, तोही डावरा असणार." थोडा विचार करून त्यांनी स्वतःचं समाधान केलं. "असू दे. प्रत्येक घराण्यात एखादा असतो."

पाहुण्या बाई हसल्या, पण भिंगातून त्यांनी बराच वेळ बघितलं. बुडबुडे हा काही पुरावा नव्हे, पण तपासून घ्यायला हरकत नाही, असं म्हणून त्यांनी पाचवा तुकडा आणि तुलनेसाठी काकांचा एक, असे दोन रीतसर लिहून नेले. निघताना त्यांनी काकांच्या उरलेल्या सहांपैकी एक हातात घेतला. "हे तुम्ही कशाने फुंकलंत?" काका खाली बघायला लागले. काकू आत गेल्या आणि फुंकणी घेऊन आल्या. "ह्याच्यानं. माझी हाय," असं त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यानंतर फुंकणीवरून त्या घरात भांडण झालं नाही.

मी खोली सोडायचं बोलले तेव्हा काकांनी नुसतं विचारलं, "घासताना कुठं धरला होतात?"

"खालून," मी म्हणाले.

"मग बसा की."

काही महिन्यांनी पत्र आलं. काचेतले घटक त्या काळच्या रोमन काचेशी जुळत होते, म्हणून तुकडा संग्रहालयात मांडणार होते. काकांचा तुकडा सोड्याच्या बाटलीचा, हेही त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. काकांनी ते पत्र देवांच्या फोटोशेजारी लावलं आणि त्या दिवशी मला माझ्या खोलीतल्या बुद्धमूर्तीपुढे फुलं ठेवायला हिरव्या काचेची एक वाटी आणून दिली. ती त्यांनी फुंकलेली शेवटची वस्तू. अजून माझ्याकडे आहे. मी ती नुसत्या पाण्याने धुते.

काका आज नाहीत. पण संग्रहालयात त्यांना घेऊन जायचं तेवढं माझ्या हातून झालं. मांडव्याहून लाँचने गेलो. काका वाटेत दोनदा दम खायला बसले. दालनात खूप उंच उंच पेले, थाळ्या होत्या. एका कोपऱ्यात, खालच्या फळीवर, आमचा करंगळीएवढा तुकडा. काकांनी मला चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली. "काचेच्या लहान बाटलीचा गळा. फुंकून केलेला. रोमन. चौलच्या खाडीजवळ एका विहिरीत मिळाला." त्याखाली आणखी बारीक अक्षरात एक ओळ होती. ती मी वाचली नाही. काकांनी चष्मा लावून स्वतः वाचली: "पृष्ठभागावरील मूळ थर अलीकडच्या काळात घासून काढलेला आहे."

"बाई," काका खुशीत म्हणाले, "तुम्ही पण आलात इतिहासात."

चिठ्ठीत त्यांचं नाव नव्हतं, विहिरीच्या मालकाचंसुद्धा नव्हतं. मी चोरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते पेटीच्या अगदी जवळ गेले, आजूबाजूला पाहिलं, छातीत घरघरत होता तेवढा श्वास गोळा केला, आणि चहावर कधी फुंकर न मारणाऱ्या त्या माणसाने त्या पेटीच्या काचेवर, आतल्या तुकड्याच्या समोर, एक लांबलचक फुंकर सोडली. काचेवर पांढरा धुरकट गोल उठला. पलीकडे खापरपणजोबाची फुंकर, अलीकडे काकांची, मध्ये बोटभर काच.

कोपऱ्यातला पहारेकरी आमच्याकडे यायला निघाला. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला, रुमाल बाहेर आला आणि काचेपर्यंत पोचलासुद्धा. काकांनी माझं मनगट धरलं.

"बाई," ते म्हणाले, "हे तरी पुसू नका."